परिषद संपली, गोळीचा प्रश्न राहिला

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्याच्या आसपास जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत आणि सभागृहांत मानसिक आरोग्यावर परिषदा आणि कार्यशाळा होतात. अशाच एका कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. दीपप्रज्वलन झाले, सत्कार झाले. 'तणावमुक्त जीवन', 'सकारात्मक विचार', 'मोबाइलचा अतिरेक' यांवर भाषणे झाली. शेवटी निवेदकाने विचारले, "कुणाला काही प्रश्न?" सभागृह गप्प. आभार मानले गेले आणि मंडळी चहाकडे वळली.

प्रश्न आले ते नंतर, जिन्यावर. तिघांनी विचारले, तेही आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना याची खात्री करून.

पहिला मुलगा धुळ्याचा. त्याचा मोठा भाऊ यंत्रमागावर काम करतो. भावाला झोप येत नाही, कामात मन लागत नाही, बोलणे बंद झाले आहे. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. अम्मीने ती फेकून दिली. "कुत्ता गोळी असेल तर? मोहल्ल्यातली तीन पोरं त्यानंच वाया गेली," असे तिचे म्हणणे.

दुसरा जळगावात शिकणारा. दोन महिने गोळी घेतली, बरे वाटले, म्हणून स्वतःच बंद केली. "आता डोक्यात करंट मारल्यासारखं होतं. मला गोळीची लत लागली का?"

तिसरी मुलगी. तिने एवढेच विचारले, "रमजानमध्ये गोळी कधी घ्यायची? आणि निकाह ठरलाय, तिकडं सांगायचं का?"

तीन तासांच्या कार्यक्रमात या तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. म्हणून हे संपादकीय त्या जिन्यावरच्या प्रश्नांसाठी.

दोन गोळ्या, दोन गोष्टी

मालेगाव, धुळे या पट्ट्यात 'कुत्ता गोळी' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. नशेसाठी विकली जाणारी ही गोळी बहुतेक वेळा अल्प्राझोलाम असते. हे औषध 'बेंझोडायझेपिन' गटातले. तीव्र घबराटीवर डॉक्टर ते थोड्या दिवसांसाठी देतात. अर्ध्या-एक तासात त्याचा असर जाणवतो, डोके शांत होते. धोकाही तिथेच आहे. काही आठवड्यांत शरीराला त्याची सवय होते, तेवढ्याच परिणामासाठी जास्त मात्रा लागते आणि अचानक बंद केले तर फिट येऊ शकते. दारू किंवा खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधासोबत घेतले तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

नैराश्यावरची औषधे, म्हणजे अँटीडिप्रेसंट, हा वेगळा गट आहे. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही त्यातली नेहमी लिहिली जाणारी नावे. या गोळीने नशा चढत नाही, झिंग येत नाही, म्हणून तिचा चोरबाजारही नाही. तिचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. अम्मीची भीती खोटी नाही, कारण तिने मोहल्ल्यात पोरे वाया जाताना पाहिली आहेत. पण तिने फेकली ती दुसरीच गोळी होती. हा फरक तिला कोणी सांगितला नाही. डॉक्टरांकडे वेळ नव्हता, मेडिकलवाल्याला गरज वाटली नाही आणि परिषदेत अम्मीला बोलावलेच नव्हते.

या दोन गटांची गल्लत उलट दिशेनेही होते. उदास माणूस मेडिकलवर जातो, "झोपेची काहीतरी द्या" म्हणतो आणि चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलामची पट्टी घेऊन येतो. हे बेकायदा आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'शेड्यूल एच-१' नियमानुसार अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडोल यांसारखी औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दुकानदाराने डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले याची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करायची आणि ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे, असा नियम आहे. हे रजिस्टर प्रामाणिकपणे भरले गेले तर कुत्ता गोळीची एक मोठी वाट बंद होईल.

औषधाचा गुण आणि औषधाची जोखीम

अँटीडिप्रेसंट सुरक्षित आहेत का, याचे एका शब्दात उत्तर देणाऱ्यापासून सावध राहावे, मग तो "काही होत नाही, घ्या" म्हणणारा असो की "विष आहे, हात लावू नका" म्हणणारा.

२०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २१ अँटीडिप्रेसंटचा एकत्रित अभ्यास आला. त्यात ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ लोक होते. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या प्रौढांमध्ये ही सर्व औषधे बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक माफक होता. म्हणजे काहींना खूप फायदा होतो, काहींना थोडा आणि काहींना औषध बदलावे लागते. सौम्य उदासी असेल तर बऱ्याचदा समुपदेशन, झोप, व्यायाम आणि माणसांची सोबत यांनी भागते.

तुमच्या वयाच्या वाचकांनी एक इशारा नीट लक्षात ठेवावा. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मुलांवरच्या २४ चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्के मुलांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन दिसले, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २ टक्के होते. त्या चाचण्यांत एकही मृत्यू झाला नव्हता. २००७ मध्ये हा इशारा २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला गेला. याचा अर्थ तरुणांनी औषध घेऊच नये असा नाही. उपचार न झालेले नैराश्य स्वतःच जीवघेणे असते. अर्थ इतकाच, की पहिले काही आठवडे आणि मात्रा बदलल्यानंतरचे दिवस घरातल्या एका माणसाने लक्ष ठेवायचे. बेचैनी अचानक वाढली, झोप पूर्ण उडाली, मरणाचे बोलणे सुरू झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे.

आणखी काही गोष्टी माहीत असाव्यात. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे होते आणि बहुतेकांचे ते एक-दोन आठवड्यांत कमी होते. लैंगिक इच्छा कमी होणे हा नेहमीचा दुष्परिणाम आहे आणि नवविवाहित तरुण याच कारणाने कोणाला न सांगता गोळी सोडतात. डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येते. अंगदुखीसाठी आपण सहज घेतो त्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्यांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रामाडोलसोबत घेतल्यास ताप, थरथर आणि गोंधळलेपणा असा गंभीर त्रास होऊ शकतो. म्हणून कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी मनाची गोळी चालू आहे हे आधी सांगायचे. ज्याला कधी नैराश्य तर कधी अतिउत्साह, बेफाम खर्च, झोपेविना दिवस असे झटके येतात, त्याला नुसते अँटीडिप्रेसंट दिले तर तो उत्साहाचा झटका उसळू शकतो. त्यामुळे पहिल्या भेटीत मागचा सारा इतिहास सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

गोळी सोडण्याचीही रीत असते

आता जळगावच्या त्या विद्यार्थ्याकडे येऊ. डोक्यात करंट बसल्यासारखे वाटणे, चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने हे अचानक गोळी बंद केल्याचे परिणाम आहेत. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन या औषधांत ते जास्त दिसतात. फ्लुओक्सेटिन शरीरात बरेच दिवस टिकते, त्यामुळे त्यात कमी दिसतात. याला लत म्हणत नाहीत. लत लागलेल्या माणसाला आणखी गोळी हवी असते, तिच्यासाठी तो घरातले पैसे चोरतो. या मुलाला तर गोळीपासून सुटायचे होते. तरीही त्याचा त्रास खरा आहे. "काही नाही, मनाचे खेळ" म्हणून तो उडवून लावणारे डॉक्टरही चुकतात.

बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायला सांगतात, कारण लवकर थांबवले तर नैराश्य परतण्याची शक्यता जास्त असते. नंतर ते पायरी-पायरीने कमी करायचे असते, काहींना आठवडे लागतात, काहींना महिने. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारा, "हे किती महिने घ्यायचे आणि बंद कसे करायचे?" या प्रश्नाचे उत्तर मिळणे हा तुमचा हक्क आहे.

रोजा, निकाह आणि लोक

नैराश्यावरची बहुतेक औषधे दिवसातून एकदाच घ्यायची असतात. ती इफ्तारनंतर किंवा सहरीला नेता येतात. त्यासाठी रमजानच्या आधी दोन आठवडे डॉक्टरांशी बोलून वेळ बदलून घ्यावी. चाँद दिसल्यावर गोळीच बंद करणे ही सर्वांत धोकादायक रीत. लिथियम घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातले लिथियम विषारी पातळीपर्यंत चढू शकते. जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या घरात जातो, त्यामुळे रोजा नसतानाही उन्हात काम करणाऱ्यांनी ही काळजी घ्यावी. अशा रुग्णाने रोजा धरावा की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे. ही सवलत फक्त साखर आणि किडनीच्या आजारांपुरती आहे असे कुठेही म्हटलेले नाही.

निकाहबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. लपवून सुरू झालेल्या संसारात पहिला बळी जातो तो गोळीचा. सासरी कोणी पाहू नये म्हणून मुलगी ती बंद करते आणि तीन महिन्यांत आजार परततो. मग "मुलगी वेडी दिली" असा बोभाटा होतो. ज्याच्याशी आयुष्य काढायचे त्याला योग्य वेळी, शक्य तर दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटून, सांगितलेले बरे. पण हा भार एकट्या मुलीवर टाकणे अन्याय आहे. मुलाच्या उपचारांची चौकशी कोण करतो? दोन्ही घरांतल्या थोरांनी हा आजार इतर आजारांसारखाच मानला, तर लपवण्याची वेळच येणार नाही. आणि मूल हवे असेल तेव्हा गोळी स्वतःहून बंद न करता आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा.

"ईमान कमजोर म्हणून डिप्रेशन" हे वाक्य आपल्या मोहल्ल्यात आजही ऐकू येते. दहाव्या शतकात वारलेले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. त्यात कारण असलेले दुःख आणि कारणाशिवाय येणारे दुःख असा भेद त्यांनी केला आणि दुसऱ्या प्रकाराचे मूळ शरीरात शोधले. दमास्कस आणि कैरोच्या जुन्या बिमारिस्तानांत मनोरुग्णांवर उपचार होत. हजार वर्षांपूर्वी आपल्या विद्वानांनी जो आजार मानला, त्याला आपण गुनाह कसा ठरवतो?

साखळी आणि दुआ

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी दर्ग्याजवळच्या एका मनोरुग्ण आश्रमाला आग लागली. तिथल्या रुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण जळून मेले. आपल्या समाजाने ही तारीख विसरू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास बंदी केली आहे. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर आलेल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हा गुन्हा आहे.

पण दर्ग्यावर जाणाऱ्यांना हिणवून काही साधत नाही. जिथे डॉक्टर दूर आणि दर्गा जवळ, तिथे माणूस दर्ग्यावरच जाणार. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात, जिथे खानदेशातूनही लोक जातात, 'दवा-दुआ' नावाचा प्रयोग झाला. एका स्वयंसेवी संस्थेने आणि सरकारी आरोग्य विभागाने दर्ग्याच्या आवारातच मनोविकार तज्ज्ञांचा दवाखाना सुरू केला. मुजावरांना आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले. ते दुआ करतात आणि सोबत डॉक्टरकडेही पाठवतात. आपल्याकडच्या मशिदींचे इमाम आणि दर्ग्यांचे मुजावर एवढे नक्की करू शकतात.

मग परिषदा कशासाठी?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि नैराश्य-चिंता यांसारख्या नेहमीच्या आजारांत सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना होते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. खानदेशचा, त्यातही इथल्या मुस्लिम वस्त्यांचा आकडा त्यात शोधून सापडणार नाही. ६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात दंगल आणि पोलीस गोळीबार झाला, सहा जणांचे जीव गेले. त्यांच्या घरच्यांच्या, ते पाहणाऱ्या मुलांच्या मनाचे पुढे काय झाले, यावर कोणती परिषद भरली? राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. खानदेशाच्या वाट्याला लांबचा प्रवासच आला.

डॉक्टरांच्या परिषदांबद्दलही बोलले पाहिजे. नव्या औषधांची माहिती डॉक्टरांना बहुतेक तिथेच मिळते आणि त्या मांडवाचा खर्च बऱ्याचदा औषध कंपन्या उचलतात. याचा परिणाम काय होतो ते पॅरॉक्सेटिनच्या प्रकरणात जगाने पाहिले. मुलांसाठी मान्यता नसताना या औषधाचा मुलांसाठी प्रचार केला गेला. २०१२ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने अमेरिकेत या आणि इतर औषधांच्या प्रकरणांत गुन्हा कबूल करून ३ अब्ज डॉलर भरले. आपल्याकडे फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंच्या खर्चावर कंपन्यांना करसवलत नाकारली. मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेने भेटी आणि परदेशी सहलींना मनाई केली. तेव्हा परिषदेचा खर्च कोणी केला, हे निमंत्रणपत्रिकेवर छापलेले असावे. प्रामाणिक डॉक्टरांना यात अडचण वाटण्याचे कारण नाही.

जळगाव-धुळ्यात यापुढे मानसिक आरोग्याची परिषद घेणाऱ्यांकडे, आमच्या चळवळीसह, आमच्या चार मागण्या आहेत. एक, कार्यक्रमातला निम्मा वेळ प्रश्नांना द्या आणि प्रश्न नाव न लिहिता चिठ्ठीवर घ्या. दोन, मेडिकल दुकानदार, इमाम, आशाताई आणि रुग्णांचे घरचे लोक यांना मंचावर आणि समोर दोन्हीकडे जागा द्या. तीन, औषधांची सुरक्षितता हे स्वतंत्र सत्र ठेवा, मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत. चार, परिषद संपताना सरकारी दवाखान्यात कोणत्या दिवशी मनोविकार तज्ज्ञ बसतात, कोणती गोळी मोफत मिळते, याचा कागद प्रत्येकाच्या हाती द्या. २०१७ चा कायदा म्हणतो की आवश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळाली पाहिजेत. राष्ट्रीय यादीत फ्लुओक्सेटिन आणि एस्सिटालोप्राम दोन्ही आहेत. "स्टॉक नाही" असे उत्तर आले तर ते लेखी मागा.

तुम्ही आज काय करू शकता

टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोबाइलमध्ये साठवा. फोन मोफत आहे, कधीही लावता येतो, मराठीत बोलता येते. कोणी मरणाची भाषा करत असेल तर त्याला एकटे सोडू नका. घरातल्या गोळ्या, कीटकनाशक त्याच्या हाती लागणार नाही असे ठेवा आणि थेट दवाखान्यात न्या. पोलीस केसच्या भीतीने थांबू नका. २०१७ चा कायदा अशा माणसाला तीव्र तणावाखालील व्यक्ती मानतो आणि नव्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ ठेवलेले नाही.

औषधाचा दुष्परिणाम झाला तर डॉक्टरांना सांगा आणि १८००-१८०-३०२४ या औषध सुरक्षा हेल्पलाइनवर नोंदवा. सामान्य रुग्णही ही नोंद करू शकतो. तुमच्या कॉलेजात १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर प्रशिक्षित समुपदेशक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. प्राचार्यांना भेटून विचारा, आपले समुपदेशक कोण?

त्या दिवशी जिन्यावर आम्ही तिघांनाही जमेल तसे उत्तर दिले. धुळ्याचा मुलगा म्हणाला, "हे अम्मीला मी सांगितलं तर ती ऐकणार नाही. तुम्ही घरी याल का?" आम्ही गेलो. चहा झाला, चिठ्ठी पाहिली, सोबत त्यांच्या ओळखीचे मेडिकलवाले चाचाही होते. अम्मीने दोनच प्रश्न विचारले: याने नशा चढते का आणि माझा मुलगा पुन्हा बोलू लागेल का? पहिल्याचे उत्तर "नाही" होते. दुसऱ्याचे "इन्शाअल्लाह, पण दोन महिने धीर धरा आणि त्याच्यावर लक्ष ठेवा" असे होते. दुसऱ्या दिवशी ती स्वतः मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेली.